दोन मिरवणुकांची एक शिट्टी

मित्रांनो, लालबाग-परळच्या रस्त्यांवर लेझीम खेळणाऱ्यांचे पाय ज्या आवाजावर वळतात, तो आवाज काढणारी जुनी पितळी शिट्टी ती मीच. आकाराने मी तुमच्या अंगठ्याहून फारशी मोठी नाही. माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे. ती गरगर फिरते तेव्हा माझ्या सुराला कंप सुटतो. आरंभीच एक गोष्ट नम्रपणे सांगून ठेवते. आम्हा शिट्ट्यांना माणसाचा श्वास ओळखता येतो, परंतु रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे या कहाणीत जे झेंडे येतील त्यांचे रंग मला सांगता येणार नाहीत. तुम्हीही ते विचारू नयेत, ही विनंती.

गिरगावातील एका अरुंद गल्लीत पितळकामाचा कारखाना होता. तेथे पितळेचा पत्रा साच्यात दाबून माझे दोन अर्धे भाग घडवण्यात आले. त्यांच्या कडा डाख देऊन जोडण्यात आल्या आणि दोरी ओवण्यासाठी एक कडी बसवण्यात आली. कारागिराने मला तोंडात धरून पहिली फुंकर घातली, तेव्हा शेजारी ठोकाठोक करणारा त्याचा भाऊ दचकला आणि त्याने एक सणसणीत शिवी हासडली. माझ्या पहिल्या सुराला मिळालेली दाद ती हीच.

मला विकत घेतले कुशाबा नावाच्या गृहस्थांनी. ते करी रोडच्या एका गिरणीत कताई खात्यात कामाला होते. पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकून ते लालबागच्या व्यायामशाळेत येत आणि कामगारांना लेझीम शिकवीत. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा दर्प होता. परंतु तो श्वास दमदार होता. त्यांनी माझ्या सुरांची एक भाषाच तयार केली. एक लांब सूर म्हणजे हुश्शार. दोन तुटक सूर म्हणजे पवित्रा बदलणे. तीन तुटक आणि शेवटी एक लांब म्हणजे गोल धरणे. गोल धरताना लहानांनी आत जायचे, मोठ्यांनी बाहेर कडे करायचे आणि लेझीम क्षणभरही थांबू द्यायची नाही.

या गोलाची हकिगत सांगितली पाहिजे. एकदा कामगारांच्या मोठ्या मोर्चात मागून लोंढा आला आणि पथकातील एका मुलाचा पाय गर्दीत चिरडला गेला. ‘चेंगरतंय, मागे सरा’ असे कोणी ओरडले की माणसे अधिकच सैरावैरा धावतात, हे कुशाबांनी त्या दिवशी पाहिले. त्यानंतर त्यांनी हा गोल बसवला. मुले सुरक्षित होत. परंतु पाहणाऱ्याला तो नाचाचाच भाग वाटे. संकट आले होते हे कोणाला कळतही नसे. उलट लोक त्याच वेळी सर्वांत जास्त टाळ्या वाजवीत.

कुशाबांचा एक नियम फार कडक होता. शिट्टी कोणी वाजवली हे पाहण्यासाठी मान वळवायची नाही. “मान वळली की पाय चुकला,” असे ते म्हणत आणि ज्याची मान वळे त्याच्या पोटरीवर लेझमीचा दांडा हलकेच ठेवून देत.

ती माझ्या वैभवाची वर्षे होती. दादरच्या मोठ्या मैदानावर कामगारांच्या सामुदायिक कवायती होत, तेव्हा माझ्या एका सुरावर रांगाच्या रांगा खाली बसत आणि दुसऱ्या सुरावर उभ्या राहत. सकाळी कामगारांच्या मोर्चात मी वाजे आणि भाद्रपद असला तर संध्याकाळी गणपतीच्या मिरवणुकीतही वाजे. पुढे संप झाला. गिरण्यांचे भोंगे बंद पडले. माणसे गावी गेली, काही रिक्षा चालवू लागली, आणि मी एका पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. माझ्या अंगावर कळकट थर चढला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या घरात चूल पेटण्याची पंचाईत असते तेथे शिट्टीला कोण चिंच लावून घासणार?

कुशाबांना तरुण मुले मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी चाळीतील मुलींना शिकवण्यास आरंभ केला. त्यांतील पहिली मुलगी मीनाक्षी. तिच्याबरोबर शिकणाऱ्या मोजक्या मुलांत वरळीच्या बीडीडी चाळीतून येणारा रमाकांत होता. दोघांचे पाय इतके सारखे पडत की कुशाबा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “आता एकच जण खेळतोय का रे?” वारण्यापूर्वी कुशाबांनी मला मीनाक्षीच्या हाती दिले. तेव्हापासून माझ्यातून तिचा श्वास वाहतो. त्याला वेलचीचा वास असतो, कारण ती दिवसभर हिंदमात्याच्या एका साडीच्या दुकानात उभी राहून गिऱ्हाइकांशी बोलते आणि घसा सुकू नये म्हणून वेलची चघळते.

आज मीनाक्षी पन्नाशीला आली आहे. तिने लालबागमध्ये मुलींचे पथक उभे केले. रमाकांत बेस्टमध्ये वाहक झाला आणि त्याने वरळीत आपले पथक काढले. परंतु काळ असा आला की पथकाला जागा पाहिजे, कपडे पाहिजेत, मिरवणुकीत स्थान पाहिजे. आणि हे सर्व पक्षाच्या हातून मिळते. मीनाक्षीचे पथक एका पक्षाच्या मिरवणुकीत जाऊ लागले, रमाकांतचे दुसऱ्या पक्षाच्या. दोघांत भांडण झाले नव्हते. तरी दिवाळीला एकमेकांकडे फराळाचे ताट जायचे ते बंद झाले.

व्यायामशाळेची किल्ली मीनाक्षीजवळ असे. ती किल्ली तिला पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते हितेंद्र यांनी दिली होती. न्यायाने बोलायचे तर त्यांचे उपकार नाकारता येणार नाहीत. व्यायामशाळा गळत होती तेव्हा नवे पत्रे त्यांनीच घातले. नव्या लेझमा त्यांनीच आणल्या. त्यामुळे मुलींना शिकण्यास कोरडी जागा मिळाली.

अशा वेळी श्रेया नावाची एक तरुणी आमच्याकडे आली. ती मूळची गिरगावची, शिकलेली, आणि ती एक माहितीपट तयार करीत होती. तिच्याबरोबर वरद नावाचा कॅमेरावाला होता. तो फारसे बोलत नसे. मात्र चहा आला की कॅमेऱ्याआधी त्याचे लक्ष तिकडे जाई.

“मला भाषणं नकोयत,” श्रेयाने सांगितले. “भाषणात काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे. रस्त्यावर एवढी माणसं एकत्र नाचतात, चालतात, ढोल बडवतात, त्यात पक्षाचा विचार कसा दिसतो, तो नाचणाऱ्याच्या अंगात खरंच उतरतो का, हे मला शोधायचंय.”

“विचारबिचार मला नाही सांगता येणार गं,” मीनाक्षी म्हणाली. “लेझमीचे आठ आवाज विचार, ते सांगते.”

“तेच दाखवा.”

“आणि आमच्या पोरींचे पाय चुकले तर ते पण दाखवणार?”

“चुकले तर दाखवीन.”

“मग त्यांना आजच दम देते,” असे म्हणून मीनाक्षी हसली, आणि त्या हसण्याने दोघींचे जमले.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र दिन असतो आणि कामगार दिनही असतो. त्या दिवशी दोन्ही पक्षांनी मिरवणुका काढल्या. आमची मिरवणूक करी रोडकडून परळच्या दिशेने निघाली. दुसरी वरळीकडून हिंदमात्याकडे चालली होती. दोन्ही वाटा एका नाक्यावर एकमेकींना छेदत होत्या. आधी एक जाईल, मग दुसरी, असे पोलिसांनी ठरवून दिले होते. परंतु दोन्हीकडच्या मंडळींना आधी जाणारे आपणच आहोत असे वाटत होते. परिणामी दोन्ही मिरवणुका नाक्यावर समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मधे पोलिसांचा दोर होता. घोषणांना घोषणांनी उत्तर मिळू लागले. मागच्या लोकांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते, म्हणून ते पुढे रेटत होते. श्रेया आणि वरद कोपऱ्यावरच्या, मीनाक्षी राहते त्याच चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, गंगूबाई नावाच्या वृद्ध बाईंच्या दारापाशी कॅमेरा लावून उभे होते. खाली आमच्या पथकातील लहान मुली अगदी पुढच्या रांगेत होत्या, कारण लहान मुली पुढे असल्या की फोटो चांगला येतो असे हितेंद्र यांचे मत होते. दोर मुलींच्या छातीला लागला. एका मुलीची लेझीम खाली पडली आणि ती उचलण्यास ती वाकली.

त्या क्षणी मीनाक्षीचा श्वास माझ्यात शिरला. तीन तुटक, एक लांब.

आमच्या मुलींनी गोल धरला. वाकलेली मुलगी आत ओढली गेली. मोठ्या मुलींनी बाहेर कडे केले आणि लेझीम वाजू लागली. येथपर्यंत सर्व रीतीप्रमाणे झाले. परंतु, मित्रांनो, दोराच्या पलीकडेही कुशाबांची शिकवण उभी होती. रमाकांतच्या पथकाने तीन तुटक आणि एक लांब ऐकले. कोणीही मान वळवली नाही. त्यांनीही गोल धरला. त्यांची हलगी आमच्या लेझमीला ठेका देऊ लागली. लोकांना वाट देण्यासाठी दोन्ही गोल फिरता फिरता पसरले, पोलिसांनी गोंधळून दोर खाली सोडला, आणि दोन गोलांच्या कडा एकमेकींत शिरून एकच मोठे कडे झाले. आत दोन्हीकडची लहान मुले. बाहेर दोन्हीकडची मोठी माणसे. घोषणा देणाऱ्यांना क्षणभर कोणत्या बाजूने ओरडावे ते समजेना, म्हणून ते गप्प झाले. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडू लागल्या.

“मीनाक्षी गो!” वरून गंगूबाईंचा आवाज आला. “काय झक्कास नाचलात! कोण खंयच्या पार्टीचो ता काय कळाकच नाय गो!”

हे वाक्य कॅमेऱ्याने टिपले. दोन्ही पक्षांच्या मंडळींनीही ते ऐकले, आणि घोटाळा तेथूनच सुरू झाला.

हितेंद्र गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या हातातील मोबाइल वाजायचा थांबत नव्हता. “ताई, काय केलंत हे?” ते म्हणाले. “वरून फोनवर फोन येतायत. आपली पोरं त्यांच्यात नाचतायत म्हणून व्हिडिओ फिरतोय.”

“पोरी चेंगरत होत्या, हितू.”

“अहो, पण त्यांना शिट्टी का वाजवलीत?”

“मी आमच्या पोरींना वाजवली. त्यांनी ऐकली त्याला मी काय करू? कान बंद करू त्यांचे?”

पलीकडे रमाकांतलाही त्याच्या पक्षाच्या साहेबांनी याच प्रश्नावर धारेवर धरले होते. तो त्या लोकांच्या डोक्यांवरून आमच्याकडे पाहून किंचित हसला. फार वर्षांनी तो मीनाक्षीकडे पाहून हसत होता. मग त्याला कोणी खांद्याला धरून फिरवले.

दोन दिवस गेले. या दोन दिवसांत त्या गोलाचे अनेक अर्थ निघाले. कोणी म्हणाले, दोन्ही पक्ष आतून एक आहेत. कोणी म्हणाले, मीनाक्षीला पलीकडच्यांनी फोडले. कोणी म्हणाले, मराठी माणूस एकत्र आला. मी या सर्व काळात मीनाक्षीच्या पर्समध्ये पावडरचा डबा आणि साडीची पिन यांच्या सोबतीस होते. मला एवढेच ठाऊक होते की माझ्यातून जो श्वास गेला तो घाबरलेला होता. त्याला यापैकी कोणताही अर्थ नव्हता.

मग हितेंद्र घरी आले. ते जमिनीवरच बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, “ताई, एकच गोष्ट करा. ती शूटिंगवाली आहे ना, तिने वरून हात केला म्हणून तुम्ही शिट्टी वाजवलीत, असं सांगा. तिला सीन पाहिजे होता. बस्स. तुमच्यावरचा आळ गेला, माझ्यावरचा गेला.”

“तिने हात नव्हता केला.”

“कोण बघायला गेलंय?”

“आणि नाही सांगितलं तर?”

हितेंद्र यांनी पाण्याचे भांडे बाजूला ठेवले. “मग व्यायामशाळेची किल्ली मला परत घ्यावी लागेल,” ते म्हणाले. “वरून सांगितलंय. मला पण बरं वाटत नाही हे बोलायला, तुम्हाला माहितीये. ते पत्रे मी स्वतः उभं राहून घातलेत.”

मित्रांनो, मीनाक्षीसमोरचा पेच आता तुमच्या ध्यानात आला असेल. किल्ली गेली तर पथकाच्या मुलींना जागा उरत नव्हती. खोटे बोलले तर श्रेयाचा माहितीपट बनावट ठरत होता, आणि ज्या कामासाठी ती वर्षभर उन्हातान्हात हिंडली ते सर्व वाया जात होते. मीनाक्षीने चाळीच्या जिन्यात गंगूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी आपला सल्ला दिला.

“सांगान टाक गो. तां चेडू काय तुझ्या नात्यातला?”

“नात्यातली नाही, मावशी.”

“मगे?”

मीनाक्षी दोन पायऱ्या चढली आणि थांबली. मग वर गेली.

रविवारी व्यायामशाळेत श्रेया तिची मुलाखत घेण्यास आली. ही बातमी हितेंद्र यांना लागली होती. तेही आले. त्यांनी सांगितले की ताईंना जे सांगायचे ते त्यांनी श्रेयाच्याच कॅमेऱ्यासमोर सांगावे, म्हणजे नंतर कोणी काही म्हणणार नाही. आणि त्यांनी स्वतःचा मोबाइलही शेजारच्या खिडकीत उभा केला. अशा रीतीने एका बाईच्या समोर दोन कॅमेरे झाले. मुली लेझमा मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या होत्या. मीनाक्षीने मला मुठीत धरले होते.

श्रेयाने विचारले, “मीनाक्षीताई, त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं? दोन्हीकडच्या माणसांना एकत्र आणावं, असं कुठेतरी होतं ना?”

“असं नका विचारू,” हितेंद्र मधेच म्हणाले. “तुम्ही वरून हात केलात का, ते विचारा.”

“मी हात केला नव्हता!”

“मॅडम, तुम्ही नका सांगू. ताईंना सांगू दे.”

वरदने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. मला वाटले, मीनाक्षी आता मला तोंडाशी नेईल. पण तिने मला मांडीवर ठेवले.

“हिने हात नव्हता केला,” ती म्हणाली. “ही वर होती, मला दिसत पण नव्हती.” हितेंद्र यांनी मोबाइलकडे पाहिले. मीनाक्षी श्रेयाकडे वळली. “आणि तू म्हणतेस तसं पण नव्हतं माझ्या मनात. एकत्र आणायचं वगैरे. रमाकांतची पोरं माझ्या ध्यानात पण नव्हती. माझी एक पोरगी खाली वाकली होती. मला तेवढंच दिसलं. म्हणून वाजवली.”

“एवढंच?” श्रेया म्हणाली. तिच्या आवाजातली निराशा मलाही जाणवली.

“एवढंच.”

मग श्रेयाने असा एक प्रश्न विचारला जो कोणाच्याच मनात आला नव्हता. “ताई, तुम्ही मुलींना वाचवायला वाजवलीत, ते पटलं. पण पलीकडच्या माणसांना ते माहीत नव्हतं. कोण वाजवतंय, कशासाठी वाजवतंय, कोणी बघितलं नाही. शिट्टी ऐकली आणि एवढी माणसं वळली. उद्या दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कशासाठी वाजवली तर? याची भीती नाही वाटत तुम्हाला?”

मीनाक्षीने तोंड उघडले आणि मिटले. तिने माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे ती मला घासत होती, पुसत होती, गळ्यात घालत होती. परंतु त्या दिवशी तिने माझ्याकडे प्रथमच थोड्या परकेपणाने पाहिले. “याचं उत्तर मला आत्ता नाही सुचत,” ती म्हणाली. हेही चित्रित झाले.

हितेंद्र यांनी खिडकीतला मोबाइल उचलला. “ताई,” ते म्हणाले, “किल्ली.”

मीनाक्षीने पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. लेझमा पक्षाच्या होत्या, म्हणून त्या मुलींनी एकेक करून कोपऱ्यातील पोत्यात परत ठेवल्या. लोखंडाच्या चकत्यांचा तो आवाज बराच वेळ चालला होता. हितेंद्र पाठमोरे उभे राहून नव्या पत्र्यांकडे पाहत होते. कुलूप लावताना त्यांना ते लवकर लागेना. “गंजलंय हे,” ते कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, आणि मग ते लागले. मी मीनाक्षीच्या मालकीची असल्यामुळे तेवढी मी बाहेर आले.

त्या संध्याकाळी रमाकांतचा फोन आला.

“काय गं, घालवलीस ना किल्ली?”

“तुला कोणी सांगितलं?”

“सगळ्या वरळीला माहितीये. आमच्याकडे ये शिकवायला. मैदान आहे, हलगी आहे.”

“आणि बॅनर?”

“बॅनर असतोच गं.”

“बॅनर काढशील तर येते.”

“माझ्या हातात आहे का ते?”

“तेच म्हटलं मी,” मीनाक्षी म्हणाली, आणि दोघेही हसली. फोन ठेवताना तो म्हणाला की दिवाळीला चकल्या पाठवीन. दिवाळीला त्या आल्या. किंचित कडक होत्या.

पथकातील निम्म्याहून अधिक मुली गेल्या. त्यांना मिरवणुकीत मिरवायचे होते, नवा गणवेश हवा होता, आणि त्या वयात तसे वाटणे स्वाभाविक आहे. मी त्यांना दोष देत नाही. व्यायामशाळेत आता दुसरे पथक शिकते आणि त्याच्याजवळ नवी प्लॅस्टिकची शिट्टी आहे. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी मान्य करते.

पुढील वर्षी माहितीपट तयार झाला आणि गिरगावच्या एका लहान सभागृहात दाखवण्यात आला. मीनाक्षी मला गळ्यात घालून गेली होती. पडद्यावर निरनिराळ्या पक्षांच्या मिरवणुका आल्या, मशाली आल्या, ढोल आले, एका तालावर वर होणारे असंख्य हात आले. मग तो नाका आला. मी माझाच आवाज अंधारात ऐकला. सभागृहातील मोठ्या कर्ण्यांतून तो इतका प्रचंड येत होता की मला त्याची ओळख पटेना. चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले की या बाईंनी लोकशक्तीचे दर्शन घडवले. दुसरे म्हणाले की ही हुकूमशाहीची नांदी आहे. दोघेही फार सुंदर बोलले. शेवटी मीनाक्षीला बोलण्यास सांगण्यात आले. ती उभी राहिली आणि म्हणाली, “पोरी चेंगरत होत्या.” लोकांना तो विनोद वाटला. ते हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. केवळ श्रेया हसली नाही. तिने चित्रपटाचा शेवट मीनाक्षीच्या त्या मिटलेल्या तोंडावर केला होता, आणि तो शेवट कोणालाच फारसा आवडला नव्हता, असे तिने नंतर जिना उतरताना सांगितले.

“बदलून टाक मग,” मीनाक्षी म्हणाली.

“नाही बदलणार.”

“हट्टी आहेस.”

“तुमच्यापेक्षा कमी.”

सांप्रत माझे दिवस असे जातात. चाळीच्या पटांगणात, गाड्या उभ्या नसतात तेवढ्या तुकड्यात, रविवारी सकाळी मीनाक्षी उरलेल्या मुलींना शिकवते. लेझमा जुन्या बाजारातून मिळाल्या. काहींच्या चकत्या सैल आहेत. परंतु शिकवण्याच्या पद्धतीत एक फरक पडला आहे. मीनाक्षी मला तोंडाशी नेते, आणि वाजवण्यापूर्वी थांबते.

“आता मी गोल मागणार आहे,” ती म्हणते. “का मागते, सांगा.”

कोणी म्हणते, “गाडी येतेय म्हणून.” कोणी म्हणते, “मनूचा बूट सुटलाय.” कोणी म्हणते, “उगाच!” मग सगळ्या हसतात. ज्या मुलीला कारण पटत नाही तिने जागेवर उभे राहायचे, अशी मुभा आहे. आणि दर रविवारी एखादी तरी उभी राहते. माझ्या सुरानंतर मुली मान वळवून मीनाक्षीकडे पाहतात. त्यामुळे पाय चुकतात. एकही गोल धड होत नाही. पूर्वीच्या कवायती पाहिलेला कोणी जाणकार येथे आला तर तो निराश होऊन परत जाईल, याबद्दल मला शंका नाही.

तरीही, मित्रांनो, मला यात कमीपणा वाटत नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा. मला ओलसर ठेवू नका, एकाच्या तोंडची दुसऱ्याला देऊ नका, माझ्यातील गोळी अडकली तर टोचून काढू नका. कोमट पाण्यात ठेवा, ती आपोआप सुटते. एवढी काळजी घेतलीत तर माझा आवाज तुमच्या नातवंडांनाही ऐकू येईल. आणि तो ऐकू आला की लगेच पाय उचलू नका. वाजवणाऱ्याला आधी विचारा, “का वाजवलीस?” त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर त्याला तेवढा वेळ द्या. तोपर्यंत उभे राहिलात तरी चालेल. मी पुन्हा वाजेन.